नळदुर्गचा पूल आणि बोरीपलीकडचं राज्य

पनवेल तालुक्यातल्या ओवे गावातून पहाटे निघालेली गाडी कळंबोलीला द्रुतगती मार्गाला लागते आणि घाट चढून पुणं मागे टाकते. दुपारपर्यंत सोलापूर येतं. तिथून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ धरला, की बोरामणी, तांदुळवाडी मागे पडतात आणि इटकळच्या सुमाराला धाराशिव जिल्ह्याची पाटी दिसते. आजच्या प्रवाशाला ही पाटी जाणवतही नाही. १९४८ पर्यंत मात्र जवळपास याच रेषेवर देश बदलत असे. अलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा, पलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका होता, तिथे सामानाची तपासणी होऊन जकात घेतली जायची. खिशातले पैसेसुद्धा बदलून घ्यावे लागत. इकडचा रुपया कलदार आणि तिकडचा हाली. सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये, हा हिशेब सोलापूर-बार्शीच्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ असे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं हे राज्य केवढं होतं, याची कल्पना नकाशा पाहिल्याशिवाय येत नाही. ८२,००० चौरस मैलांहून जास्त प्रदेश, सोळा जिल्हे आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या आसपास माणसं. स्वतःचं चलन, स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे, स्वतःचं सैन्य. प्रजेतली बहुसंख्य माणसं तेलुगू, मराठी आणि कानडी बोलत. कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत चालत असे. लोकसंख्येत ऐंशी टक्क्यांहून जास्त हिंदू होते, पण सरकारी नोकऱ्यांत आणि पोलिसांत त्यांचं प्रमाण फारच थोडं. सभा घ्यायची तर आधी परवानगी हवी. ‘गश्ती निशान ५३’ या १९२९ च्या परिपत्रकानं साध्या सभेलासुद्धा सरकारची मेहेरनजर लागू लागली.

ऑगस्ट १९४७ ते सप्टेंबर १९४८ असे तेरा महिने हे राज्य आपण स्वतंत्र आणि सार्वभौम असल्याचं जगाला सांगत राहिलं. जगातल्या एकाही देशानं ते मान्य केलं नाही.

हैदराबाद हे काटेकोर अर्थानं धर्मराज्य नव्हतं, हे आधीच सांगायला हवं. तिथे मुल्लामौलवींचं सरकार नव्हतं आणि शरियतची दंडव्यवस्थाही नव्हती. महाराजा किशन प्रसादांसारखा हिंदू सरदार तिथे पंतप्रधान झाला होता. हिंदू देशमुख आणि जमीनदार निजामाचे मोठे आधारस्तंभ होते. पण शेवटच्या दहा वर्षांत राज्याच्या पायाशी एक वेगळा विचार रुजला. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेचं नेतृत्व बहादूर यार जंग यांच्याकडे आलं. ते विलक्षण वक्ते होते. त्यांनी ‘अनल मलिक’ हा सिद्धांत मांडला. हैदराबादची सत्ता एकट्या निजामाची नसून तिथल्या प्रत्येक मुसलमानाची आहे, निजाम हा त्या सत्तेचं केवळ प्रतीक आहे, असा त्याचा अर्थ. सत्तेचा मालक धर्मावरून ठरायला लागला की उरलेल्या प्रजेची जागा कुठे, याचं उत्तर या सिद्धांतात नव्हतं. धर्मराज्याची बीजं इथे पेरली गेली. बहादूर यार जंग १९४४ मध्ये वारले. दोन वर्षांनी संघटनेची सूत्रं लातूरच्या एका वकिलाच्या हाती आली. त्याचं नाव कासिम रझवी.

गाडी नळदुर्गात शिरते तेव्हा किल्ला दिसण्याआधी बोरी नदी दिसते.

नळदुर्ग बघायला लोक पावसाळ्यात येतात ते पाणीमहालासाठी. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर किल्ल्याच्या आतच दगडी बंधारा घातला गेला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला गेला. नदीला पूर आला की बंधाऱ्यावरून पाण्याचे दोन प्रचंड लोट कोसळतात. त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. महालाच्या खिडकीत उभं राहिलं तर पाणी डोक्यावरून पुढे झेप घेताना दिसतं आणि आतला माणूस कोरडाच राहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या स्थापत्यशास्त्राचा असा नमुना महाराष्ट्रात दुसरा नाही, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. तिथून चालत उपळी बुरुजाकडे जावं. पायऱ्या चढून वर गेलं की लांबलचक तोफा पडलेल्या आहेत. तिथून नदी, गाव आणि सोलापूरकडून येणारा रस्ता असं सगळं एका नजरेत येतं. हा रस्ता अडवायचा असेल तर तो इथेच अडवावा लागेल, हे कळायला लष्करी शिक्षण लागत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे नेमकं इथेच युद्धाचं तोंड लागलं. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालची भारतीय फौज सोलापूरहून पहाटे चारच्या सुमाराला निघाली होती. समोर निजामाच्या पायदळाची तुकडी होती. भारतीय सैन्याचा वेग इतका होता, की बोरीवरचा महत्त्वाचा पूल शाबूत त्यांच्या हाती लागला. तो उडवला गेला असता तर भरल्या नदीकाठी रणगाडे आणि मालमोटारी खोळंबल्या असत्या आणि पुढचं सगळं वेळापत्रक बिघडलं असतं. याच सकाळी नळदुर्गजवळ दुसऱ्या शीख पलटणीचा हवालदार बचित्तरसिंग याची तुकडी आघाडीवर होती. शत्रूची दोन वाहनं आपल्याकडे येताना त्यानं पाहिली, गोळीबाराला न जुमानता ती ताब्यात घेतली. पुढे एका पक्क्या मोर्च्यावर चाल करताना मशीनगनच्या गोळ्या त्याच्या मांडीत घुसल्या. तो सरपटत पुढे गेला, दोन हातबॉम्ब फेकून त्यानं ते ठाणं गप्प केलं आणि प्राण सोडला. अशोक चक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्याचं नाव आहे. किल्ला पाहून परतणाऱ्या प्रवाशांना पाणीमहालाची तारीख ठाऊक असते. पंजाबातून इथे येऊन मेलेल्या या हवालदाराचं नावही त्यांना ठाऊक असायला हवं.

पण रणगाडे इथवर का आले, हे समजून घ्यायचं तर गाडी थोडी मागे, १९४७ सालात न्यावी लागेल.

निजाम मीर उस्मान अली खान याने जून १९४७ मध्येच जाहीर केलं, की भारत किंवा पाकिस्तान यांपैकी कोणाच्याही घटना परिषदेत आपण जाणार नाही. १५ ऑगस्टला इंग्रज गेले की आपण स्वतंत्र. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्याआधीच, ७ ऑगस्टला, भारतात सामील होण्यासाठी सत्याग्रह पुकारला होता आणि ठिकठिकाणी तिरंगे लागले, माणसं तुरुंगात गेली. स्वामीजींचा आणि या रस्त्याचा संबंध जवळचा आहे. नळदुर्गच्या पुढे, आजच्या लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचं गाव आहे. तिथल्या राष्ट्रीय शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक आले, तिथेच त्यांनी संन्यास घेतला आणि ते रामानंद तीर्थ झाले. आडबाजूच्या गावातली ही शाळा म्हणजे मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याचं एक आजोळ. वाट वाकडी करून जावं अशी जागा.

दिल्लीशी बोलणी चालू होती. निजामाच्या कार्यकारी मंडळाने ‘जैसे थे’ करारावर सहीला संमती दिली, शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होतं, तेवढ्यात २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे हजारो लोकांच्या जमावानं शिष्टमंडळातले पंतप्रधान छत्तारीचे नवाब, सर वॉल्टर मॉंक्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. त्यांना विमानतळावर जाऊच दिलं नाही. हा जमाव रझवीच्या माणसांचा होता. छत्तारींनी पद सोडलं, मीर लायक अली पंतप्रधान झाला. २९ नोव्हेंबरला ‘जैसे थे’ करारावर सह्या झाल्या खऱ्या, पण त्या पहाटेपासून राज्य प्रत्यक्षात कोण चालवतं आहे हे सगळ्यांना कळून चुकलं. निजाम सिंहासनावर होता. रस्त्यावर रझवी होता.

रझवीची फौज म्हणजे रझाकार. खाकी कपडे, तलवारी, जंबिये, भरमार बंदुका. सरकारी शस्त्रंही नंतर मिळू लागली. त्यांची संख्या दोन लाख असल्याचं सांगितलं जायचं. आकडा फुगवलेला असेल, पण दहशत फुगवलेली नव्हती. गावं लुटली गेली, जाळली गेली. मराठवाड्यातली हजारो कुटुंबं बैलगाड्यांत बसून सोलापूर, बार्शी, पंढरपूर, नगरकडे निघून आली. याच महामार्गाने उमरग्याच्या पुढे गेलं की कर्नाटकातला बसवकल्याण तालुका लागतो. त्यातल्या गोरटा गावात मे १९४८ मध्ये दोनशेच्या आसपास माणसं मारली गेली. आज तिथे स्मारक उभं आहे.

प्रतिकारही तेवढाच तिखट होता. सरहद्दीच्या अलीकडे, भारतीय हद्दीत, स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले: बार्शी, सोलापूर, मनमाड, उमरखेड. तिथून तरुण रात्री आत शिरायचे, करोडगिरीचे नाके जाळायचे, पोलीस ठाण्यांवर छापे घालायचे. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची सरकारी बँक लुटली गेली आणि वीस लाखांहून अधिक रक्कम लढ्यासाठी हाती आली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. या रकमेचा हिशेब पुढे चोख देण्यात आला, ही गोष्ट मराठवाड्यात अजून अभिमानानं सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. तेलंगणात कम्युनिस्टांनी जमीनदारांविरुद्ध वेगळीच सशस्त्र आघाडी उघडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून संस्थानातल्या दलितांना सांगितलं, की निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नका. आणि हैदराबाद शहरातच ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूनं लिहीत राहिला. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी जाताना त्याला मारण्यात आलं. ज्या हातानं लिहिलं तो हातही तोडला गेला. या लढ्याला हिंदू-मुसलमानांची साधी मारामारी समजणाऱ्यांनी शोएबुल्लाचं नाव आधी लक्षात ठेवावं.

नळदुर्गजवळच अणदूर आहे. इथला खंडोबा वर्षातला काही काळ नळदुर्गाला मुक्कामाला जातो. उमरग्याकडे निघालं की नळदुर्गच्या पुढे जळकोट. १३ सप्टेंबरच्या दुपारपर्यंत भारतीय फौज हे सगळं ओलांडून उमरग्याला पोहोचली होती, म्हणजे पहिल्याच दिवशी साठ किलोमीटरहून जास्त आत. दुसरीकडे तुळजापूर आणि तिथून धाराशिव घेतलं गेलं. त्या शहराचं सरकारी नाव तेव्हा उस्मानाबाद होतं, ते याच निजामाच्या नावावरून पडलेलं. जिल्ह्याचा मोठा भाग निजामाची खाजगी मालमत्ता, म्हणजे सर्फेखास होता. २०२३ मध्ये शहर आणि जिल्हा दोन्ही पुन्हा अधिकृतपणे धाराशिव झाले.

लायक अलीचं सरकार तेव्हा दोन गोष्टींवर विसंबून होतं. पहिली गोष्ट बाहेरची मदत. पाकिस्तानला संस्थानानं वीस कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं उडवून बिदर आणि वारंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रं उतरवत होता. पण जिना ११ सप्टेंबरला वारले आणि पाकिस्तानकडून सैनिकी मदत येणार नाही हे उघड झालं. दुसरी गोष्ट संयुक्त राष्ट्रं. २१ ऑगस्टला हैदराबादनं सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. संस्थानाचा मंत्री मोईन नवाज जंग परिषदेच्या बैठकीसाठी शिष्टमंडळ घेऊन पॅरिसला गेला. १६ सप्टेंबरला परिषदेत विषय निघाला तेव्हा रणगाडे जहीराबादच्या आसपास पोहोचले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निजामानं युद्धबंदी जाहीर केली आणि महिनाअखेरीच्या आत तक्रारही मागे घेतली. हा विषय सुरक्षा परिषदेच्या यादीवर मात्र पुढे कित्येक वर्षं तसाच पडून राहिला.

मान्यता नसलेल्या अशा राज्यांचं पुढे काय होतं, याची उदाहरणं नंतरच्या जगानं पाहिली. १९९६ ते २००१ या काळातल्या तालिबानच्या अमिरातीला पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या तिघांनीच मान्यता दिली होती. चेचन्याच्या इच्केरियाला मान्यता देणारं तेवढं तालिबानच निघालं. २०१४ मध्ये मोसुलमधून खिलाफत जाहीर करणाऱ्या इस्लामिक स्टेटकडे मैलोगणती प्रदेश होता, पण एकही राजदूत नव्हता. २०१९ पर्यंत तो प्रदेशही गेला. हैदराबादची जातकुळी वेगळी, क्रौर्याचं प्रमाणही वेगळं. दुखणं मात्र ओळखीचं. आपल्याच बहुसंख्य प्रजेची संमती न घेता परक्यांची संमती मागायची, हे ते दुखणं. निजामाला पॅरिसची मान्यता हवी होती. परभणीची, वारंगळची, रायचूरची त्यानं कधी विचारलीच नाही.

हुमनाबादला चहासाठी गाडी थांबते. डावीकडे बिदरचा फाटा. १७ सप्टेंबरला सकाळी बिदर पडलं, संध्याकाळी युद्धबंदी झाली आणि १८ तारखेला निजामाचा सेनापती अल इद्रूस यानं जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली. पाच दिवसांत सगळं आटोपलं. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन पोलो’. सरकारी भाषेत ती पोलीस कारवाई. मराठवाड्यात अजूनही जुनी माणसं तिला पोलीस ॲक्शनच म्हणतात.

इथे प्रवासवर्णनं बहुधा थांबतात, कारण पुढचं सांगायला जड जातं. ते सांगितलं नाही तर ही वाट अर्धीच चालल्यासारखी होईल. रझाकार पळाल्यावर सूड सुरू झाला आणि तो रझाकारांपुरता राहिला नाही. या भागातल्या शेकडो गावांत निरपराध मुसलमान मारले गेले, घरं लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं १९४८ च्या अखेरीस हा सगळा मुलूख पालथा घातला. तिच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा आहे. उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे. रझवीच्या लातुराची तर दैना झाली. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवणारे हिंदू अनेक गावांत होते, हेही त्याच अहवालात नोंदवलं आहे. हा अहवाल त्यावेळी प्रसिद्ध झाला नाही. लोकांना तो उघडपणे वाचायला मिळाला २०१३ मध्ये, पासष्ट वर्षांनंतर. रझाकारांचे अत्याचार सांगताना ज्यांचा आवाज चढतो त्यांनी या नंतरच्या महिन्यांबद्दलही बोलावं, आणि जे फक्त नंतरचंच सांगतात त्यांनी गोरट्याला जाऊन यावं. दोन्हीकडचे मेलेले इथलेच होते, याच नदीचं पाणी प्यायलेले.

जहीराबाद मागे पडतं, रस्ता रुंद होतो आणि उंच इमारती दिसू लागतात. हैदराबादेत किंग कोठी अजून आहे. निजाम तिथेच राहत असे. राज्य गेलं तरी तो गेला नाही. फेब्रुवारी १९४९ मध्ये सरदार पटेल आले तेव्हा बेगमपेट विमानतळावर त्यानं हात जोडून त्यांचं स्वागत केलं. २६ जानेवारी १९५० पासून तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. लायक अलीला नजरकैदेत ठेवलं होतं. मार्च १९५० मध्ये तो पहारेकऱ्यांना गुंगारा देऊन पाकिस्तानात पोहोचला. रझवीला शिक्षा झाली, १९५७ मध्ये तो सुटला आणि तोही पाकिस्तानात गेला. कराचीत १९७० मध्ये तो वारला. त्याच्या मागे राहिलेल्या मुसलमानांना त्याच्या भाषणांची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजावी लागली.

१९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली आणि संस्थानाचा नकाशाच पुसला गेला. मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले, कानडी जिल्हे म्हैसूरला गेले, तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात. म्हणूनच इटकळपासून हैदराबादपर्यंत, एके काळी एकाच राज्यातून जाणारा हा रस्ता आज तीन राज्यांतून जातो. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. त्या दिवशी मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी झेंडावंदन होतं. कोकणातून किंवा मुंबईकडून जाणाऱ्याने तोच मुहूर्त साधावा. आदल्या दिवशी नळदुर्ग पाहावा, सप्टेंबरात बोरीला पाणी असतं आणि नर-मादी वाहत असतात. रात्रीचा मुक्काम तुळजापूरला करावा आणि सकाळी लवकर धाराशिवला पोहोचावं. हिप्परगा आणि गोरटा या दोन्ही गावांसाठी मात्र वेगळा, सबंध दिवस राखून ठेवावा.